चौकात मुलांना खेळता येईल असं पाण्याचं शिल्प करायचंय, पण नळाला पाणी चार दिवसांनी येतं. करावं का, आणि कसं?

ओली_वीट

नमस्कार मंडळी. मी आर्किटेक्ट आहे, मराठवाड्यातल्या एका शहरात छोटं ऑफिस चालवते. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इथल्या एका जुन्या चौकाचं काम आमच्याकडे आलंय. चौक साधारण ३० बाय ४० मीटर, एका बाजूला भाजीबाजार, एका बाजूला शाळा, एका बाजूला सभागृह. मधोमध ८ मीटर व्यासाचा गोल हौद आणि त्यात सिमेंटचं कमळ, कारंजं कधीचंच बंद पडलंय, हौदात कचरा, पावसाळ्यात डास, भोवती लोखंडी जाळी. लोक वळसा घालून जातात.

मला तो हौद काढून तिथे असं काहीतरी करायचंय की लोक आत येतील. डोक्यात असं आहे की जमिनीतूनच पाणी उडेल, पाय ठेवाल तिथे सेन्सरने कारंजं सुरू होईल, आणि मधे काळ्या दगडात काम, इथले पाथरवट अजून हाताने छान काम करतात, त्यांच्याकडून करून घ्यायचं. आता अडचणी सांगते. पहिली पाण्याची, शीर्षकात लिहिलीच आहे. माझ्याच ऑफिसमधली एक मुलगी म्हणाली की ताई, लोक हंडे घेऊन टँकरची वाट बघतात आणि आपण कारंजं करतोय, आणि ते मला लागलं, कारण तिचं म्हणणं खोटं नाहीये. दुसरं, सेन्सरचं काम इथे टिकेल का. तिसरं, घसरणं, शॉक, आजार, मुलं आहेत म्हणून भीती वाटते. आणि चौथं म्हणजे उद्घाटनानंतर सहा महिन्यांनी हे चालू ठेवणार कोण. ज्यांनी असं काम केलंय किंवा नीट बघितलंय त्यांनी प्लीज मोकळेपणाने लिहा, करू नका असं वाटत असेल तर तेही लिहा.

---

तळ्याकाठचा_देशपांडे

ताई, मी शिकागोत राहतो, त्यामुळे मी क्राऊन फाउंटनबद्दलच लिहिणार, मिलेनियम पार्कमधलं. जौमे प्लेन्सा या स्पॅनिश शिल्पकाराचं काम, २००४ साली उघडलं. काचेच्या विटांचे दोन मनोरे आहेत, प्रत्येक ५० फूट उंच, समोरासमोर, मधे काळ्या ग्रॅनाईटची लांबलचक जागा आणि तिच्यावर पाण्याचा अगदी पातळ थर, तळवा भिजेल एवढाच. मनोऱ्यांच्या आतल्या बाजूंना एलईडी पडदे आणि त्यावर शिकागोच्याच साध्यासुध्या माणसांचे चेहरे, जवळजवळ हजार लोकांचे शूट करून ठेवलेत. एक चेहरा पाचेक मिनिटं असतो, हळूहळू डोळे मिटतो उघडतो, मग ओठांचा चंबू करतो आणि तोंडातून पाण्याची धार खाली येते. मुलं खाली जमून वरच बघत असतात, आता सोडेल मग सोडेल, आणि धार आली की एकच आरडाओरडा.

आता मला जे सांगायचंय ते हे, की त्या धारेला सेन्सर नाहीये. तुम्ही तिथे असा नाहीतर नसा, ती तिच्या वेळेला येते. तरी जगात लोकांना सामील करून घेणारं पाण्याचं शिल्प म्हटलं की पहिलं नाव हेच घेतात. कारण वाट बघायला लावतं, अंदाज बांधायला लावतं, आणि अनोळखी लोक एकत्र अंदाज बांधायला लागतात. लंडनला साउथबँकवर येप्पे हाइन या डॅनिश कलाकाराचं 'अपिअरिंग रूम्स' उन्हाळ्यात लावायचे तेही असंच, जमिनीतून पाण्याच्या भिंती वर येतात, खोल्या तयार होतात, तुम्ही आत कोरडे उभे, मग एक भिंत खाली जाते आणि दुसरी वर येते, आता पळावं का थांबावं. भिंत तुम्हाला ओळखत नाही पण खेळ तुमच्याशीच चाललेला असतो. म्हणून पाय ठेवला की पाणी हा हट्ट सोडा असं मी म्हणेन. तो खेळ मुलांना दोन मिनिटांत कळतो आणि कळला की संपतो, वेळापत्रक थोडं लपवलेलं असलं तर मुलं पुन्हा पुन्हा येतात.

अजून एक. इथे हिवाळ्यात पाणी बंद असतं, बरेच महिने. मनोरे आणि चेहरे तेवढे चालू. तेव्हाही लोक येतात, उभे राहतात, फोटो काढतात. पाण्याशिवाय ते अर्धवट वाटत नाही. तुमच्या दगडाच्या कामाचं तसं व्हायला पाहिजे.

---

मोटारवाला_नाना

माझं पंप आणि पाइपलाइनचं काम, कारंजी बरीच केली, सोसायटीची, बागेतली, देवळापुढची. देशपांडे म्हणतात ते पटलं, सेन्सर नको, पण मी माझ्या बाजूने कारण सांगतो. जमिनीत बसवलेला प्रेशरचा पॅड म्हणजे कायम पाण्यात राहणारी वायर, आणि इन्फ्रारेड उन्हात आणि तुषारात गोंधळतो. त्यापेक्षा एक दगडी खांब करा, त्यावर हात ठेवायची जागा, हात ठेवला की टायमर चालू, तीन मिनिटं पाणी, मग बंद. परदेशात मुलांच्या पाण्याच्या खेळांना हेच वापरतात. कोणी नसेल तेव्हा पाणीही वाया जात नाही, वीजही नाही, आणि देशपांड्यांचं वेळापत्रक त्या तीन मिनिटांत घाला, कुठलं नोझल, म्हणजे धार सोडणारं तोंड, आधी उडेल ते दर वेळी वेगळं.

आता हिशोब. १० मिमी तोंडाचं नोझल आणि धार १ मीटर उंच, तर एका नोझलला मिनिटाला २१ लिटर लागतात. अशी २० नोझल एकदम चालली तर ४२० लिटर मिनिटाला, १ एचपीचा पंप पुरे. तीच धार २ मीटर केली की मिनिटाला ६०० लिटर आणि २ एचपी. दिसायला पाणी दीडपटच वाढलं पण पंप दुप्पट झाला, आणि मोठं नुकसान वेगळंच, धार जेवढी उंच तेवढं पाणी वाऱ्यावर बाहेर जातं. जेवढी धारेची उंची तेवढी तरी ओली जागा नोझलच्या चहूबाजूला धरायची. मुलांसाठी १ मीटर बास, लहानग्याच्या डोक्याइतकी. वाऱ्याचं मीटर लावा, वारा सुटला की व्हीएफडीने, म्हणजे मोटारचा वेग बदलणाऱ्या यंत्राने, पंप आपोआप हळू.

पाणी वर साठवायचंच नाही. फरशीला उतार द्या, शंभराला दीड तरी, पाणी चरातून जाळीवाटे खाली टाकीत जाऊ द्या, आपल्या वजनाने, पंप फक्त टाकीतून ओढेल. म्हणजे मुलांच्या पायाखाली ओढ घेणारं भोक कुठेच राहत नाही, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, याच्यावर तडजोड नाही. रोजच्या खेळाला टाकी कमीत कमी पाच मिनिटांच्या पाण्याइतकी, १ मीटरच्या धारेच्या हिशोबात २१०० लिटर, त्याहून मोठी चालेल लहान नको. नोझलना पाणी देणारी लाइन चार इंची आणि गोल बंद रिंग करा, नाहीतर पंपाजवळचं नोझल उंच आणि लांबचं मेल्यासारखं.

दिवे १२ व्होल्टचेच. ट्रान्सफॉर्मर आणि पॅनल कोरड्या खोलीत, चौकाच्या कडेला, पावसाचं पाणी शिरणार नाही इतक्या उंचीवर. ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच, लावायचाच, आणि दर महिन्याला त्याचं टेस्टचं बटण दाबून वहीत लिहायचं. पितळी नोझल वर दिसू देऊ नका, रात्रीत काढून नेतात, जाळीखाली बसवा आणि स्क्रू असा घ्या की साध्या पान्याने फिरत नाही. बोअरचं पाणी असेल तर आधी तपासा, आपल्याकडचं पाणी जड असतं, नोझलच्या तोंडावर क्षार बसून धार तिरकी होते आणि काळ्या दगडावर पांढरे डाग पडतात ते घासूनही जात नाहीत. पाण्यातले क्षार कमी करणाऱ्या सॉफ्टनरचा खर्च एस्टिमेटमध्ये आत्ताच धरा.

---

लॅबवाली

मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. नानांचं सगळं बरोबर आहे, फक्त एक बाजू राहिली म्हणून लिहितेय. पाणी फिरवून फिरवून वापरणार म्हणजे मुलांच्या अंगावरून गेलेलं पाणी परत त्याच मुलांच्या तोंडावर येणार, आणि मुलं ते गिळतात, तोंड उघडून धारेखाली उभीच राहतात. तरणतलावापेक्षा हे कठीण असतं कारण पाणी कमी आणि मुलं जास्त. त्यात धार हवेत फुटते तेव्हा क्लोरीन उडून जातं, उन्हात अजून.

२००५ साली न्यूयॉर्क राज्यात सेनेका लेकच्या उद्यानात अशाच पाण्याच्या खेळामुळे क्रिप्टोस्पोरिडियमची साथ आली होती, हजारो लोकांना जुलाब झाले. हा परजीवी नेहमीच्या क्लोरीनमध्ये दिवसेंदिवस जिवंत राहतो, म्हणून त्यानंतर तिथे अशा ठिकाणी यूव्ही, म्हणजे अतिनील दिव्याखालून पाणी नेऊन जंतू मारणं, सक्तीचं केलं. तर तुमच्याकडे वाळूचा फिल्टर, क्लोरीन आणि यूव्ही तिन्ही लागतील, यातलं एक काढून खर्च वाचवू नका. मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम, म्हणजे लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम, पीएच ७.२ ते ७.८, आणि हे रोज सुरू करायच्या आधी बघायचं. किट स्वस्त मिळतं, शिकायला अर्धा तास लागतो, पण बघणारा माणूस ठरलेला पाहिजे. बारीक तुषार मात्र टाळा. धुक्यासारखा तुषार श्वासातून आत जातो आणि गरम हवेत टाकीतलं पाणी कोमट झालं की लिजिओनेलाची, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या जंतूची, भीती असते. फ्रान्समधल्या बोर्दोच्या चौकातल्या 'पाण्याचा आरसा' नावाच्या कारंज्यात धुकं सोडतात ते सुंदर दिसतं हे मान्य, पण त्यासाठी मागे जी यंत्रणा आणि माणसं लागतात ती आपल्याकडे उभी राहीपर्यंत जाड धारच बरी.

दगडाबद्दलही सांगते, कारण माझी बहीण त्या कामात आहे. पॉलिश केलेला ग्रॅनाईट किंवा गुळगुळीत कोटा ओला झाला की पाय टिकत नाही. फ्लेम केलेला, म्हणजे ज्वाळेने भाजून खडबडीत केलेला, किंवा हाताने टाचलेला घ्या, तुमचे पाथरवट आहेतच. लंडनच्या हाइड पार्कमध्ये डायना स्मृती कारंजं २००४ च्या जुलैत उघडलं आणि काही आठवड्यांतच बंद करावं लागलं, लोक घसरून पडले, पानांनी पाणी तुंबलं. पुढे दगड खडबडीत केला, रखवालदार नेमले, भोवतीच्या हिरवळीचा चिखल झाला होता तोही निस्तरला. फार देखणं काम आहे ते, ग्रॅनाईटच्या ५४५ तुकड्यांचं, आणि तरी घसरगुंडीने अडवलं. त्याच वर्षी टेक्सासमध्ये फोर्ट वर्थच्या वॉटर गार्डन्सच्या एका कुंडात चौघं बुडाले, तिथे पाणी नऊ फूट होतं, नंतर ते दोन फुटांवर आणलं. म्हणून नानांचं वर पाणी साठवायचंच नाही हे मी दोनदा अधोरेखित करते.

---

गावठाण

मी विरोधात लिहितोय, राग मानू नका. तांत्रिक गोष्टी सगळ्या सुटतील, नाना आहेत, लॅबवाली ताई आहेत. पण ज्या बाईने पहाटे चार वाजता उठून हंडे भरले ती संध्याकाळी भाजी घ्यायला त्या चौकात येणार आणि पाणी उडताना बघणार. तुम्ही तिला सांगाल की हे तेच पाणी फिरतंय, प्यायचं नाहीये. तिला ते दिसणार नाही, तिला उडणारं पाणी दिसेल. सार्वजनिक जागेत जे दिसतं तेच खरं असतं. आधी चौकात प्यायच्या पाण्याची सोय करा, सावली करा, बसायला जागा करा, मग बाकीचं.

---

हौदाचा_पत्ता

गावठाण, तुमचं हंडे भरणाऱ्या बाईचं म्हणणं माझ्या मनातून जात नाहीये म्हणून सविस्तर लिहितो. पण आपल्याकडे प्यायचं पाणी आणि बघायचं पाणी या दोन गोष्टी वेगळ्या कधी होत्या? पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळांतून पाणी शहरात आणलं, ते पेठापेठांतल्या हौदांत पडायचं, लोक तिथून भरायचे, आणि त्याच व्यवस्थेचं पाणी शनिवारवाड्यात जायचं. तिथल्या हजारी कारंज्याचं सोळा पाकळ्यांचं कमळ अजून बघायला मिळतं. पंप नव्हता, पाणी उंचावरून आलं म्हणून उडायचं. आणि ओली_वीट ताई, तुम्ही तर मराठवाड्यात आहात. मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर आणली ती आजही अभ्यासाचा विषय आहे, आणि तिथल्याच पाणचक्कीला डोंगराकडून मातीच्या नळांतून पाणी आणून भिंतीवरून खाली हौदात सोडलंय. त्या पाण्याने जातं फिरायचं, दळण व्हायचं, पाणी वापरात यायचं, आणि लोक काठावर बसून पडणारं पाणी बघायचे. काम करणारं पाणीच देखणं केलेलं होतं.

म्हणून माझं सुचवणं असं की शिल्पाचा पहिला भाग पाणपोई असू दे. काळ्या दगडात, पाथरवटांनी केलेली, फिल्टरचं पाणी, खाली पडलेले थेंब एका दगडी पन्हाळीतून झाडाला. मुंबईत देणगीदारांनी बांधलेल्या जुन्या दगडी प्याऊ बघा, त्या शिल्पच आहेत. हंडा भरणाऱ्या बाईला या चौकात आधी प्यायचं पाणी दिसेल. कारंजं त्याच्या पलीकडे.

आणि शिकागोत हिवाळ्यात बंद असतं ना, तसा आपला बंदचा मोसम उन्हाळा आहे. टँकर फिरायला लागले की कारंजं बंद, हे ठरावातच लिहून घ्या आणि तिथे दगडात कोरा सुद्धा. तेव्हा जी कोरडी जागा उरेल ती चांगली असली पाहिजे. संध्याकाळी शाळेतली मुलं लंगडी खेळतील, सभागृहाच्या लग्नाची वरात तिथे नाचेल. हौद असला की कोरडा हौद उरतो, सपाट फरशी असली की चौक उरतो.

---

मोटारवाला_नाना

हौदाचा पत्ता यांनी जुन्या हौदाचं काढलं म्हणून एक आकडा देतो, गावठाणांसाठीपण. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या पाण्याची पातळी दिवसाला एक सेंटिमीटर सहज उतरते. ८ मीटर व्यासाचा हौद म्हणजे ५० चौरस मीटर, म्हणजे रोज ५०० लिटर नुसतं उडून जातं, कारंजं बंद असलं तरी. टाकी जमिनीखाली आणि वर फक्त तीन तीन मिनिटांचा खेळ असला की उडणं, वारा, ओले पाय, फिल्टर धुणं धरून दिवसाला ३०० च्या आत बसवता येईल असं काम करता येतं. ते ३०० कुठून, तर सभागृहाचं छत. २०० चौरस मीटर छत असेल आणि वर्षाला ६०० मिमी पाऊस धरला तर वाया जाणारं सोडून ९६ हजार लिटर येतं. २० हजारांची टाकी केली तर पाऊस थांबल्यावरही दोन महिने ओढेल. म्हणजे मृगापासून साधारण डिसेंबरपर्यंत शहराच्या नळाचा थेंब लागणार नाही.

पण ताई उन्हाळ्यात बंद हे मला पटत असलं तरी वाईट वाटतं, मुलांना सुट्टी तेव्हाच आणि ऊन तेव्हाच.

---

तळ्याकाठचा_देशपांडे

नाना, मलाही तेच वाटलं. पण ठरलेल्या दिवशी बंद होतं आणि ठरलेल्या दिवशी सुरू होतं याचीही मजा असते, इथे वसंतात पाणी सुरू झालं की बातमी होते. तुमच्याकडे पहिला पाऊस पडला, टाकी भरली, की कारंजं सुरू, तोच दिवस चौकाचा सण.

---

ओली_वीट

सगळ्यांचे खरंच मनापासून आभार, इतकं नीट कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. गावठाण, तुमचं लिहिणं मी त्या ऑफिसमधल्या मुलीला वाचून दाखवलं, ती म्हणाली माझं म्हणणं यांनी नीट मांडलं. आता असं ठरवतेय: हौद पूर्ण काढायचा. पाणपोई आधी, ती पहिल्या टप्प्यातच, कारंज्याचे पैसे आले नाहीत तरी ती होईल. फरशी सपाट, टाचलेला काळा दगड, नोझल जाळीखाली, २० च्या जागी १२ ने सुरुवात पण रिंग लाइन २० ची. सेन्सर रद्द, हात ठेवायचा दगडी खांब. आणि टाकीची पातळी दाखवणारी एक उभी काचेची नळी चौकात सगळ्यांना दिसेल अशी, म्हणजे पावसाचं पाणी किती उरलंय ते कोणालाही बघता येईल, आणि नळी रिकामी झाली की कारंजं बंद हे सांगावं लागणार नाही. ही कल्पना हौदाचा पत्ता यांच्या दगडात कोरण्यावरून सुचली.

दोन प्रश्न राहिलेत. देखभालीला माणूस कोण, सभागृहाचा वॉचमन तयार आहे पण त्याला जमेल का? आणि १२ नोझल कशी मांडावीत, गोल की आडवीतिडवी?

---

गावठाण

पाणपोई आधी आणि नळी सगळ्यांना दिसणार असेल तर माझा विरोध नाही. ती नळी भाजीबाजाराच्या बाजूला लावा, शाळेच्या नको.

---

मोटारवाला_नाना

वॉचमनला जमेल, पण पगारात ते काम लिहून द्या आणि कंत्राटात तीन वर्षांची देखभाल पंप बसवणाऱ्याच्याच गळ्यात घाला, अनामत रक्कम तोपर्यंत सोडू नका. रोजचं काम एका पानावर मराठीत लिहून पंपखोलीत लॅमिनेट करून लावा: जाळी झाडणे, गाळणी धुणे, क्लोरीन बघणे, वहीत लिहिणे. पावसाळ्यात चौकाचं पाणी टाकीत नको, रस्त्याचा गाळ येतो. चरातून टाकीकडे जाणाऱ्या लाइनवर वळवायचा व्हॉल्व्ह ठेवा, खेळ बंद असला की पाणी गटाराकडे, चालू असला की टाकीकडे. छताचं पाणी मात्र वेगळ्या पाइपने, आणि पहिल्या सरीचं सोडून द्यायचं.

मांडणी कागदावर ठरवू नका. चौकातच ताडपत्री अंथरा, चार नोझल साध्या पीव्हीसीवर बसवून द्या, एक छोटा पंप आणि पाचशे लिटरचा ड्रम, पाणी परत ड्रममध्ये जाईल असं करा. शाळा सुटायच्या वेळी चालू करा आणि मुलं कुठून शिरतात, कुठे थांबतात, कुठे दप्तरं ठेवतात ते बघा. दप्तरं ठेवायला कोरडा कट्टा लागतो, तो बहुतेक नकाशात नसतो. नोझलमधलं अंतर मग मुलंच सांगतील, दोन धारांच्या मधून पळायला जागा पाहिजे, आणि आजीला मधून न भिजता जायलापण. पंप आणि नोझल माझ्याकडचे पाठवतो, ताडपत्री तुमची.